भातकुलीचं उत्तर

मी अमरावतीत लोकांना वेबसाइट बनवून देतो. हा धंदा काय असतो हे समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि बंद पडलेली वेबसाइट चालू करणं माझ्या हातात का नाही हे समजावण्यात उरलेलं अर्धं चाललं आहे.

गिऱ्हाइकं साधी आहेत. मोर्शीचा एक संत्र्याचा बागवाला, चांदूर बाजारचं एक कापड दुकान, शहरातले दोन कोचिंग क्लास आणि एक दातांचा डॉक्टर. तुमची वेबसाइट राहते कुठं, असं कोणी विचारलं की मी छाती काढून ‘क्लाऊडवर’ असं सांगायचो. खरं तर तो पत्ता मलाही ठाऊक नव्हता. मी एका लहान होस्टिंग कंपनीकडून जागा भाड्यानं घ्यायचो. तिनं ती कुठल्या तरी मोठ्या कंपनीकडून भाड्यानं घेतलेली. त्या मोठ्या कंपनीची यंत्रं कोणत्या गावात, कोणत्या इमारतीत गुरगुरत असतात, हे लहानीलाही धड माहीत नसावं. थोडक्यात मी पोटभाडेकरू, आणि घरमालकाचं तोंड आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. पण नळाला पाणी येत असलं की टाकी कोणाची हे कोण विचारतो? मीही विचारलं नाही.

अशात अकोल्याला माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मामा वेबसाइटवाला असताना भाचीचं लग्न नुसत्या पत्रिकेवर व्हावं हे मला पटेना. मी अकोल्याला गेलो आणि ताईसमोर लॅपटॉप उघडून बसलो.

आता आमच्या वऱ्हाडातल्या आवतणाविषयी सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याचाच आहे. आमच्याकडे जेवणाचं आवतण दोन तऱ्हेचं. ‘घरटी एक’ म्हणजे घरातल्या एकानं यायचं, बाकीच्यांनी घरी जेवायचं. आणि ‘चूलबंद’ म्हणजे लहानथोर, पाहुणारावळा, सगळ्यांनी यायचं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. घरोघरी गॅस येऊन जमाना झाला तरी शब्द चुलीचाच राहिला आहे. कोणाला कोणतं आवतण गेलं यावरून आमच्याकडे माणसं जवळची आणि दूरची ठरतात. नातेवाइकाला घरटी एक सांगितलं तर तो येतो, जेवतो, आणि पुढची पंधरा वर्षं ते विसरत नाही.

ताईकडे आवतणाची यादी होती. आठ-दहा लांबट कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. गल्लीवार घरं, माणसं किती, चूलबंद की घरटी एक, आणि समासात ताईचे शेरे: ‘म्हातारी येईन, गाडी पाठवा’, ‘या दोघायले एका पंगतीत बसवू नका’. मी त्या सगळ्या कागदांचे फोटो काढले, दोन दिवस बसून यादी वेबसाइटवर चढवली आणि खाली फॉर्म केला. ज्याला लिंक गेली त्यानं आपल्या घराचं नाव शोधायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं: चूलबंद येणार, एकजण येणार, येणार नाही. चूलबंदचं बटण मी हिरवंगार ठेवलं होतं. घरोघर फिरायला नको, डिझेल नको, चपला झिजायला नकोत.

“आन हे कागद?” ताईनं विचारलं.

“फाडून टाक,” मी म्हणालो. “आता सगयं वर गेलं. दोन ठिकानी ठेवलं हाय मी.”

तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी फाड म्हणालो. तिनं फाडले.

तिच्या यादीत पहिलं घर भातकुलीचं होतं. भातकुलीला तिचे मोठे दीर आणि मोठी जाऊ राहतात. घरची काळी जमीन तेच कसतात. लग्न होऊन आली तेव्हा ताईला सगळं शिकवलं ते या जावेनं. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या होत्या. मग ताईनं अकोल्यात घर बांधलं, वास्तूचं जेवण झालं, आणि भातकुलीहून दीर एकटेच आले. जेवले, आहेर ठेवला, गेले. जाऊबाईंनी त्या घराचा उंबरा आजवर ओलांडला नव्हता. कारण भातकुलीला आवतण पोचलं ते ‘एकजन या’ असं. स्वतःच्या घरात घरटी एक!

ही चूक माझी होती. त्या वेळी भातकुलीची पत्रिका माझ्याकडे होती. बडनेऱ्याच्या स्टँडवर मला भातकुलीकडे जाणारा एक ओळखीचा भेटला. मी पत्रिका त्याच्या हाती दिली, ‘एवढं सांगजा’ म्हणालो आणि घरी येऊन क्रिकेट पाहत बसलो. त्यानं तिथं काय सांगितलं हे देव जाणे. ताई मला तेव्हा खूप बोलली. पण भातकुलीला तिनं माझं नाव कधीच सांगितलं नाही. सगळा राग आपल्या अंगावर घेतला.

म्हणून या लग्नात तिला एकच गोष्ट हवी होती. मांडवात जाऊबाई याव्यात. पण समोर जाऊन आवतण द्यायची तिची हिंमत होत नव्हती. उंबऱ्यावरून परत पाठवलं तर? माझ्या बटणानं तिची सोय झाली. लिंक भातकुलीला गेली, आणि ताई रोज मला फोन करू लागली. वऱ्हाडी किती येणार, जेवणाला काय ठरलं, काही नाही. फक्त, “भातकुलीचं उत्तर आलं का रे?”

“नाही आलं अजून.”

“पाह्य ना बरोबर.”

“पाह्यलं, ताई.”

लग्न रविवारचं होतं. मंगळवारी सकाळपर्यंत शंभरावर घरांची उत्तरं आली होती, भातकुलीची ओळ कोरी होती. बुधवारी सकाळी चहा घेता घेता मी वेबसाइट उघडली. उघडली नाही. पुन्हा दाबलं. नाही. माझी दुसरी वेबसाइट पाहिली, तीही नाही. मोर्शी गेलेली, चांदूर बाजार गेलेलं, दातांचा डॉक्टर गेलेला. तेवढ्यात बातमी आली की त्या मोठ्या कंपनीच्या यंत्रघरात बिघाड झाला आहे आणि देशातल्या कितीतरी वेबसाइट झोपल्या आहेत. मी होस्टिंग कंपनीला लिहिलं. तासाभरानं उत्तर आलं, आम्हीही वाटच पाहत आहोत.

दोन ठिकाणी ठेवलं होतं ना? ठेवलं होतं. यादी वेबसाइटवर, आणि तिची सुरक्षित प्रत त्याच होस्टिंगच्या दुसऱ्या खणात. फोनमध्ये जागा नको म्हणून कागदांचे फोटोही वरच पाठवलेले, आणि तो ‘वर’सुद्धा त्याच मोठ्या कंपनीचा निघाला. म्हणजे घराच्या दोन किल्ल्या केल्या आणि दोन्ही घरातच ठेवून कुलूप लावलं. मला स्वतःचा इतका राग आला की मी तो पोह्यांवर काढला, ते खारट झालेत म्हणालो. ते खारट नव्हते, आणि बायकोनं तसं स्पष्ट सांगितलं.

गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. चांदूर बाजारचे कापडवाले म्हणाले, “भाऊ, त्या मेन मालकाचा नंबर द्या. मी बोलतो त्याच्याशी.” त्यांच्या सगळ्या व्यवहारात कोणी ना कोणी मालक असतो आणि त्याला फोन लावता येतो. माझ्याकडे नंबर नव्हता. मोर्शीचे बागवाले मात्र शांत होते. “साइट गेली म्हंता? माही संत्री तं झाडालेच हायेत नं? मंग येऊ द्या आरामात.”

ताईला फोनवर सांगायची माझी छाती झाली नाही. मी सरळ अकोल्याची गाडी धरली.

तिच्या घरी पोचलो तर पुढच्या खोलीत बांगड्यांचे डबे उघडून चाची बसली होती. चाची म्हणजे अकोल्यातली जुनी बांगडीवाली. ताईचं लग्नही अकोल्यातच लागलं, तिचा चुडा चाचीनंच भरला, आता भाचीचा भरायला आली होती. आधी तिची सासू या घरांमधून फिरायची, आता ही फिरते. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ताई खालीच बसली.

“म्हनजे भातकुलीचं उत्तर आलं असन तरी दिसनार नाही?”

“नाही.”

“आन यादी?”

“नाही.”

“कागद फाड म्हने कोन?”

मी वाकून चपला काढू लागलो. बैल गेला आणि झोपा केला, एवढंच काय ते म्हणायचं राहिलं होतं. ते ताई म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते यादीसाठी नव्हतं.

चाचीनं हातातली बांगडी डब्यात ठेवली. “रोती काय को, बेटी? आन तू रे, वेबसाइटवाल्या, तुह्या त्या बटनाचं मले नोको सांगू. या गल्लीत बाया काय म्हनून राह्यल्या, माईत हाय का? लिंक आली म्हंतेत. आवतन नाही आलं.”

“असं कसं? शंभर जनायनं चूलबंद दाबलं!”

“दाबलं असन. हिरवं बटन हाय, मोठ्ठं हाय, दाबते मानूस. पन उंबऱ्यावर येऊन कोनी बोललं नाही तं चूल कोन बंद करते? एखांदं पोट्टं पाठवून देतीन जेवाले.”

मी इतकी वर्षं वऱ्हाडात राहिलो आणि ही गोष्ट मला कळू नये! आचाऱ्याला मी दिलेला शंभर घरांचा आकडाही पोकळच होता. वेबसाइट चालू राहिली असती तरी रविवारी अर्धा मांडव रिकामा राहिला असता, आणि मी मात्र मोबाइलमध्ये हिरव्या खुणा दाखवत फिरलो असतो.

“मंग आता घरं कशी आठवाची?” ताई म्हणाली.

“मले मनगटं पाठ हायेत,” चाची म्हणाली. “लिव.”

मी वही घेतली. चाचीनं डोळे मिटले आणि गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. “पह्यलं घर. सासू दोन-दहा, सुना दोघी दोन-चार, पोरगी दोन-दोन. बाया चार झाल्या. मानसं तेवढेच धर. दुसरं घर. म्हातारीचे हात सुजते, तिले दोन-बारा बी लागत नाही, खांद्यावर हात ठेवून आनावं लागते तिले. तिसरं घर. तठी एकच सून हाय, दोन-सहा, हिरवा रंग घेत नाही, तिले राग लवकर येते.” बांगडीच्या मापांची ती भाषा मला हळूहळू कळू लागली. ताईला घरं आठवू लागली तशी ती मध्येच ओरडायची, “हाव! आन त्यायच्या मांगं ते मास्तर!” दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत सगळं अकोला आणि आसपासची चार गावं माझ्या वहीत उतरवली. बऱ्याच वर्षांनी इतकं हातानं लिहिल्यामुळे माझं अक्षर मलाच लागेना. ते वाचायला भाचीला बसवावं लागलं.

गुरुवारी आम्ही घरोघर फिरलो. ताई, मी आणि काही घरांपुरती चाची. प्रत्येक उंबऱ्यावर तेच वाक्य, “रविवारी चूलबंद या बरं.” आणि प्रत्येक घरी चहाचा आग्रह. संध्याकाळपर्यंत मी तेवीस कप प्यायलो असेन. पण खोटं कशाला बोलू, मजा आली. ज्या घरांची मी फक्त नावं टाइप केली होती त्यांना चेहरे आले. एका आजीनं मला खडसावलं, “तूच का तो फोनवर आवतन धाडनारा? बह्याड!” असं मला वेड्यात काढून मग चिवडा दिला.

भातकुली राहिली होती. गुरुवारी घरी परतल्यावर ताई म्हणाली, “तठी तू एकटा जाय.”

“एकटा जानार नाही. तू चाल. मीच बोलीन.”

चाचीनं निघताना हिरव्या बांगड्यांची एक जोडी कागदात गुंडाळून ताईच्या हातात दिली होती. “दोन-सहा. तुह्या लग्नात तुह्या जावेले मीच भरल्या. उजवा हात थोडा भारी हाय, पानी वढून वढून.”

शुक्रवारी सकाळी निघालो. मूर्तिजापूर मागं पडलं, बडनेरा आलं. तो स्टँड दिसला तेव्हा ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर. पुढं भातकुलीपर्यंत मी शेतंच पाहत राहिलो. दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता.

जाऊबाई अंगणात तूर पाखडत होत्या. दीर वावरात गेलेले. आम्हाला पाहून त्यांचं सूप थांबलं. “या,” एवढंच म्हणाल्या. पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झालं तरी ताई कागदाची गुंडाळी हातात घेऊन नुसती उभी. मग मीच सुरू केलं.

“बाई, वास्तूची पत्रिका घिऊन तवा मले याचं होतं. मी आलो नाही. बडनेऱ्याच्या स्टँडवर एकाच्या हाती देल्ली. ताईनं चूलबंदच सांगतलं होतं. चूक माही हाय, तिची नाही.”

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या ताईला म्हणाल्या, “आन तू कावून नाही सांगतलं मले हे? इतले साल?”

“भाऊ हाय नं माहा,” ताई म्हणाली.

जाऊबाईंनी रिकामे पेले उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. मग म्हणाल्या, “दोघंय बह्याड हा तुमी,” आणि पदर डोळ्याला लावला. ताई त्यांच्या गळ्यात पडली. दोन बायका अंगणात रडत होत्या आणि मी मधोमध तुरीच्या ढिगाजवळ उभा, कुठं पाहावं ते कळेना. मलाही रडू येत होतं, पण वेबसाइटवाल्यानं रडावं अशी तिथं जागा नव्हती.

बांगड्या बसल्या नाहीत. चाचीची प्रतही जुनी निघाली. जाऊबाईंना आता दोन-आठ लागत होत्या. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “रविवारी येईन तं चाचीकडूनच भरून घेईन.” ताईनं ते ऐकलं आणि माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. जेवता जेवता मला राहवेना. धंद्याची खोड. मी विचारलं, “बाई, त्या फोनवरच्या लिंकवर उत्तर देल्लं होतं का तुमी?”

“मले नाही समजत ते,” त्या भाकरी वाढत म्हणाल्या. “पोट्ट्यायचे धंदे.”

रविवारी भातकुलीहून एक पिकअप भरून आली. जाऊबाई उतरल्या त्या सरळ आचाऱ्याकडे गेल्या, वांग्याच्या भाजीत तिखट कमी आहे म्हणून त्याला सुनावलं आणि पंगतीचा ताबा घेतला. मांडव असा भरला की आचाऱ्याला दोनदा पोळ्या लाटायला लावावं लागलं. चाचीनं जाऊबाईंचा हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटली, “हाव, दोन-आठ.” ताई इकडून तिकडे उगाचच पळत होती. इतकी आनंदात मी तिला तिच्या स्वतःच्या लग्नातही पाहिली नव्हती.

वेबसाइट मंगळवारी परत आली. सेवा पूर्ववत झाली आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, असा दोन ओळींचा मेल. मोर्शी आलं, चांदूर बाजार आलं, दातांचा डॉक्टर आला. आता मी शहाणा झालो आहे. प्रत्येक कामाची एक प्रत घरच्या कपाटातल्या डिस्कवर असते, एक दुसऱ्याच कंपनीकडे असते, आणि तिचा घरमालक वेगळा आहे ना, हे मी आधी विचारून घेतो. गिऱ्हाइकालाही आधीच सांगतो की बापू, ही जागा आपली नाही, भाड्याची आहे. कापडवाल्यांनी हे ऐकून मान डोलावली आणि मालकाचा नंबर पुन्हा मागितला.

त्या मंगळवारी मी लग्नाची यादी उघडली. पहिलीच ओळ भातकुलीची. ती आता कोरी नव्हती. वेबसाइट बंद पडण्याच्या आदल्या दुपारी, म्हणजे लग्नाला पाच दिवस असताना, भातकुलीहून बटण दाबलं गेलं होतं. येणार नाही.

मी लॅपटॉप जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली. बिघाड एक दिवस उशिरा झाला असता तर बुधवारी सकाळी चहा घेता घेता मी ते उत्तर ताईला वाचून दाखवलं असतं. तिनं बरं म्हटलं असतं, फोन ठेवला असता, आणि आम्ही दोघं भातकुलीला कधीच गेलो नसतो. आणि जाऊबाई भाकरी वाढत म्हणाल्या होत्या, मले नाही समजत ते.

तेवढ्यात ताईचाच फोन आला. भाची सासरी रमली का, पाहुणे गेले का, असं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, “चालू झालं म्हने तुहं? भातकुलीचं काय दाखवून राह्यलं रे त्याच्यात?”

“काही नाही, ताई. कोरंच हाय.”

“म्हनलं नोतं मी, त्यायले ते येत नाही म्हनून!” ती हसली.

फोन ठेवला आणि मी ती ओळ पुसली. मग सुरक्षित प्रतीत जाऊन तिथलीही पुसली.